‘क्षय नाही’ या निकालानंतर

हरियाणातील पंचकुला येथे ७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने क्षयरोगाविरुद्धच्या शंभर दिवसांच्या मोहिमेचा प्रारंभ केला. ३३ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ३४७ जिल्ह्यांत ती राबवण्यात आली. हातात धरून नेता येतील अशी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांवस्त्यांत पोहोचली. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन खोकल्याची, तापाची, वजन घटल्याची चौकशी केली. सरकारी आकडेवारीनुसार या काळात सुमारे १२.९७ कोटी जोखीमग्रस्त व्यक्तींची तपासणी झाली आणि ७.१९ लाख क्षयरुग्ण सापडले. त्यांपैकी २.८५ लाख रुग्णांत कोणतेही लक्षण दिसत नव्हते. छातीच्या क्ष-किरण चित्रानेच त्यांचा आजार उघडकीस आणला. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात एवढ्या व्यापक प्रमाणावर माणसांच्या छातीकडे पाहण्याचा प्रयत्न क्वचितच झाला असेल आणि त्याचे श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवे.

मात्र या यशाच्या आकड्यांत न दिसणारा आणखी एक समूह आहे. ज्यांना अनेक आठवडे खोकला होता, ज्यांचे वजन घटले होते, ज्यांच्या क्ष-किरण चित्रात डाग आढळला होता, परंतु थुंकीच्या चाचणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, अशा माणसांचे पुढे काय झाले? ‘क्षय नाही’ एवढे उत्तर घेऊन ती घरी परतली की त्यांच्या खोकल्याचे खरे कारण कोणी शोधले? मोहिमेच्या ठळक आकड्यांत याचे उत्तर मिळत नाही आणि ते न मिळणे हा केवळ नोंदवहीतील दोष नाही. या समूहातील बहुतेकांना दमा, जुना श्वासनलिकादाह किंवा साधा जंतुसंसर्ग असेल. काहींना मात्र फुफ्फुसाचा कर्करोग असेल आणि त्यांच्यासाठी प्रत्येक महिना मोलाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाले. स्तनाच्या कर्करोगाचे आकडे शेजारी ठेवले की फरक लक्षात येतो : त्याचे नवे रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार, तर मृत्यू सुमारे ९८ हजार. एका वर्षाच्या मृत्यूंना त्याच वर्षाच्या नव्या रुग्णांनी भागणे हे रोगाच्या घातकतेचे अचूक माप नव्हे. तरीही दोन्ही संख्या इतक्या जवळ येतात तेव्हा आजार कोणत्या अवस्थेत ओळखला जातो याचा अंदाज बांधता येतो. देशातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांचा अनुभवही हेच सांगतो. तेथे येणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक जण तिसऱ्या अथवा चौथ्या टप्प्यात पोहोचलेले असतात. शस्त्रक्रियेने आजार मुळापासून काढण्याची वेळ तोवर बहुधा निघून गेलेली असते. अमेरिकेतील नोंदींनुसार आजार फुफ्फुसापुरता मर्यादित असताना निदान झाले तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक आहे. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते १० टक्क्यांच्या आसपास उतरते.

या उशिराचे पहिले कारण खुद्द रोगाच्या स्वभावात आहे. फुफ्फुसाच्या आतील भागाला वेदना जाणवत नाही. तेथे वाढणारी गाठ बराच काळ कसलीही चाहूल देत नाही. ती श्वासनलिकेला घासू लागली, छातीच्या आवरणापर्यंत पोहोचली किंवा शेजारच्या मज्जातंतूवर दाब देऊ लागली की लक्षणे सुरू होतात. त्यांतील सर्वात सामान्य लक्षण म्हणजे खोकला : तीन आठवडे उलटूनही न थांबणारा, अथवा जुन्या धूम्रपान करणाऱ्याच्या नेहमीच्या खोकल्याचे स्वरूप अचानक बदलणारा. थुंकीतून रक्त पडणे, मग ते रेषेइतके का असेना, याकडे दुर्लक्ष करू नये. धाप लागणे, दीर्घ श्वास घेताना किंवा खोकताना छातीत दुखणे, कारणाविना वजन व भूक कमी होणे आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही नेहमी आढळणारी इतर लक्षणे होत.

काही खुणा छातीपासून दूरच्या वाटतात आणि म्हणूनच रुग्णाला भलत्याच तज्ज्ञाकडे घेऊन जातात. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस छातीतून वळसा घेऊन वर येते. तिच्यावर दाब आला की आवाज बसतो आणि रुग्ण घशाची औषधे घेत राहतो. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी वाढणारी गाठ खांदा व हात दुखवते. उपचार मात्र मानेच्या मणक्यांवर होतात. चेहरा व मान सुजणे आणि छातीवरच्या शिरा फुगणे याचा अर्थ हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दाबली जात असल्याचा असू शकतो. बोटांची टोके फुगीर होऊन नखे घुमटासारखी वळणे, गळ्याच्या हाडाच्या वर टणक गाठ लागणे, फुफ्फुसाच्या एकाच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे, याही सूचनाच आहेत. हाडांचे सततचे दुखणे, नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी किंवा झटके येणे ही आजार पसरल्याची चिन्हे असू शकतात. यांपैकी एकही लक्षण केवळ कर्करोगाचेच असते असे नाही. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण ते साधे आहे हे तपासणीने ठरले पाहिजे, गृहीत धरून नव्हे.

भारतात ही गृहीतके बहुतांशी क्षयरोगाच्या बाजूने झुकतात आणि त्याला सबळ आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये देशात सुमारे २८ लाख लोकांना क्षयरोग झाला. जगातील एकूण रुग्णांच्या एक चतुर्थांशाहून हा वाटा अधिक आहे. म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या एका नव्या रुग्णामागे क्षयाचे तीसहून अधिक. लांबलेला खोकला समोर येताच डॉक्टरने आधी क्षयाचा विचार करणे शास्त्राला धरूनच आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशयित फुफ्फुसीय क्षयाच्या पाच खुणा आहेत : दोन आठवड्यांहून अधिक खोकला, दोन आठवड्यांहून अधिक ताप, वजनातील लक्षणीय घट, थुंकीतून रक्त आणि छातीच्या क्ष-किरण चित्रातील कोणताही दोष. ही यादी पुन्हा वाचली तर लक्षात येते की ताप वगळता उरलेल्या चारही खुणा फुफ्फुसाच्या कर्करोगाच्याही आहेत. गाठीने श्वासनलिका अडवून तिच्या पलीकडे जंतुसंसर्ग झाला तर पाचवीही लागू होते.

याचा अर्थ असा की, क्षयरोग शोधण्यासाठी उभी केलेली चाळणी नकळत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्णही गोळा करते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. ते आधीच रांगेत उभे आहेत. अडचण पुढच्या पायरीवर आहे. थुंकीच्या रेण्वीय चाचणीत जंतू आढळले नाहीत तर दोन शक्यता उरतात. पहिलीत रुग्णाला ‘क्षय नाही’ असे सांगून खोकल्याचे औषध किंवा प्रतिजैविक देऊन परत पाठवले जाते. दुसरीत क्ष-किरणातील डाग पाहून, जंतू सापडले नसतानाही, क्षयावरचे उपचार सुरू केले जातात. अशा निदानाला कार्यक्रमात मान्यता आहे आणि जंतू न सापडणारे खरे क्षयरुग्णही पुष्कळ असल्याने ती असायलाच हवी. परंतु गाठ आणि क्षयाचा डाग साध्या क्ष-किरण चित्रात एकसारखे दिसू शकतात. मग सहा महिन्यांच्या औषधांची पहिली दोन महिन्यांची फेरी पार पडते, खोकला थांबत नाही, वजन घटतच राहते. औषधांनी भूक मेली असावी, असे घरचे समजतात. औषधांना वेळ लागतो, असे डॉक्टर सांगतात. अखेर सीटी स्कॅन होतो तेव्हा डाग दुप्पट झालेला असतो.

कर्करोगतज्ज्ञांना हा प्रवास परका नाही. क्षयाचे उपचार घेऊन मग आपल्याकडे आलेल्या रुग्णांविषयी त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतून वर्षानुवर्षे लिहिले आहे. यात एखाद्या डॉक्टरचा निष्काळजीपणा शोधणे सोपे असले, तरी त्याने प्रश्न सुटत नाही. दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे क्षयाचा अर्ज आहे, त्याची औषधे आहेत, त्याचे उद्दिष्ट आहे. जंतू न सापडलेल्या खोकल्यासाठी मात्र त्याच्यापुढे ना अर्ज आहे, ना पुढचा पत्ता. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, आणि जुन्या क्षयाने व्रण पडलेल्या फुफ्फुसात कर्करोगाची जोखीम वाढते, ही गुंतागुंत वेगळीच. ‘याला पूर्वी क्षय झाला होता’ ही माहिती म्हणून शंका मिटवणारी नव्हे, वाढवणारी मानली पाहिजे.

दुसरे चुकीचे गृहीतक धूम्रपानाविषयीचे आहे. तंबाखू हे या आजाराचे सर्वात मोठे कारण आहे, याबद्दल वाद नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील १९ टक्के पुरुष व २ टक्के स्त्रिया धूम्रपान करत होत्या आणि त्यात सिगारेटपेक्षा विडीचा वाटा मोठा होता. ईशान्येकडील मिझोराममध्ये धूम्रपानाचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक असून ते स्त्रियांतही रुजलेले आहे. त्याचे प्रतिबिंब भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० मधील नोंदणी अहवालात उमटले. २०१२ ते २०१६ या काळात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे देशातील सर्वाधिक प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात होते : वयोमानानुसार समायोजित केल्यावर लाख पुरुषांमागे ३८.८ आणि लाख स्त्रियांमागे ३७.९. स्त्री आणि पुरुष यांच्यातील अंतर जवळजवळ मिटल्याचे असे उदाहरण देशात विरळाच.

परंतु ऐझॉलवरून साऱ्या देशाचे चित्र काढता येत नाही. मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांतील लक्षणीय वाटा, काही ठिकाणी तर निम्म्याच्या आसपास, आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्यांचा आढळला आहे. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय रुग्ण सुमारे दहा वर्षांनी तरुण असतात. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरच्या हवेतील प्रदूषणाला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर त्या गटात आधीपासूनच आहे आणि लाकूड-शेणीसारख्या इंधनाचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ मानला जातो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोहोचवला. तरी चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे बसलेल्या स्त्रियांच्या फुफ्फुसांत साठलेला धूर त्या जोडणीने पुसला जात नाही. अशी एखादी पन्नाशीची गृहिणी दीड महिन्याचा खोकला घेऊन आली, तर ‘विडी ओढता का?’ या प्रश्नाच्या नकारार्थी उत्तराने कर्करोगाची शक्यता निकालात काढली जाते. तिची स्वतःचीही समजूत तीच असते.

मग पाश्चात्त्य देशांप्रमाणे सरसकट चाळणी चाचण्या का नकोत? अमेरिकेत ५० ते ८० वयोगटातील, वीस वर्षे रोज एक पाकीट सिगारेट किंवा तेवढ्याच प्रमाणात धूम्रपान केलेल्या आणि अजूनही ती सवय असलेल्या किंवा गेल्या पंधरा वर्षांत ती सोडलेल्या व्यक्तींना दरवर्षी अल्प किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन करण्याची शिफारस आहे. तिचा आधार भक्कम आहे. ५३ हजारांहून अधिक लोकांवरील आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत या पद्धतीने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. मात्र त्याच चाचणीत सुमारे २४ टक्के स्कॅन संशयास्पद ठरले आणि त्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक वेळा कर्करोग नव्हता. क्षयाचे जुने व्रण आणि गाठी घेऊन वावरणारी कोट्यवधी फुफ्फुसे असलेल्या देशात हे खोटे इशारे किती वाढतील, याची कल्पना करता येते. शिवाय केवळ धूम्रपानाच्या निकषावर निवड केली तर आपल्याकडील रुग्णांचा मोठा हिस्सा त्यातून सुटेल. निवडक अतिजोखमीच्या गटांसाठी असे प्रयोग जरूर व्हावेत; पण राष्ट्रीय धोरण त्यांच्यासाठी थांबू शकत नाही.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० वर्षांवरील नागरिकांची मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. फुफ्फुस त्यात नाही आणि वरील कारणांमुळे ते समजण्याजोगेही आहे. पण ज्या कर्करोगासाठी चाळणी चाचणी व्यवहार्य नाही, त्याच्या बाबतीत लक्षणे ओळखणे हाच लवकर निदानाचा उरलेला मार्ग असतो. चाळणी नाही म्हणून लक्षणांची जबाबदारी वाढते, हा दुवा आपल्या धोरणात हरवला आहे.

लक्षणे दिसेपर्यंत उशीरच झालेला असतो, मग त्यांवर भर देऊन काय साधणार, असा आक्षेप घेतला जातो. त्यात अर्धे सत्य आहे. इंग्लंडने २०१२ मध्ये ‘तीन आठवड्यांचा खोकला असेल तर डॉक्टरांना भेटा’ एवढाच साधा संदेश देणारी देशव्यापी मोहीम चालवली. आधीच्या वर्षातील त्याच काळाच्या तुलनेत सुमारे ७०० अधिक रुग्णांचे निदान झाले आणि सुमारे ३०० अधिक जणांवर शस्त्रक्रिया करता आली. कर्करोगाच्या एकूण ओझ्यापुढे ही संख्या लहान आहे, पण त्या तीनशे कुटुंबांसाठी ती लहान नव्हती. त्या देशाच्या मार्गदर्शक सूचनाही नेमक्या आहेत. चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीला कारण न सापडलेला खोकला, थकवा, धाप, छातीत दुखणे, वजन घटणे, भूक मंदावणे यांपैकी दोन लक्षणे असतील, किंवा पूर्वी कधी धूम्रपान केले असल्यास एक जरी असेल, तर दोन आठवड्यांच्या आत क्ष-किरण तपासणी व्हावी. आणि थुंकीतून कारणाविना रक्त पडत असेल तर थेट कर्करोगाच्या तातडीच्या तपासणीसाठी पाठवावे. आपल्याकडे क्षयाच्या जोखमीमुळे हे नियम जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. ‘कोणाला, कशासाठी, किती दिवसांत’ हे लिहून ठेवण्याची शिस्त मात्र घेता येईल.

उशिरा झालेल्या निदानातही काही आठवड्यांचा फरक निरर्थक नसतो. तिसऱ्या टप्प्यातील काही रुग्णांना किरणोपचार व औषधांनी पूर्ण बरे करण्याचा प्रयत्न करता येतो. चौथ्यात ते दार जवळजवळ बंद होते. भारतीय रुग्णांत सर्वाधिक आढळणाऱ्या ग्रंथीपेशींच्या कर्करोगात सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये ईजीएफआर या जनुकाचा विशिष्ट बदल सापडतो, आणि अशांना गोळ्यांच्या रूपातील लक्ष्यवेधी औषधांनी महिने, कधी वर्षे, बऱ्या स्थितीत काढता येतात. त्यासाठी बायोप्सीचा पुरेसा नमुना आणि उपचार सोसण्याइतकी ताकद शरीरात शिल्लक असावी लागते. अंथरुणाला खिळल्यावर झालेले निदान या दोन्ही गोष्टी हिरावून घेते.

सरकारचे लक्ष या आजाराकडे गेलेले नाही, असे म्हणता येणार नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तीन कर्करोग औषधांवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. त्यांतील ओसिमर्टिनिब व डुर्वालुमॅब ही दोन प्रामुख्याने फुफ्फुसाच्या कर्करोगावर वापरली जातात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची आणि त्यांतील २०० केंद्रे त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत, पण ती सारी निदानाच्या पलीकडची आहेत. औषध स्वस्त झाले, खुर्ची जिल्ह्यात आली. त्या खुर्चीपर्यंत रुग्ण वेळेत कसा पोहोचेल, हा प्रश्न मागेच राहिला. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाला आहे. दाखल होण्यापूर्वीच्या केवळ तीन दिवसांच्या तपासण्या त्यात धरल्या जातात. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान मात्र बाह्यरुग्ण विभागातच अनेक आठवडे रेंगाळते आणि सीटी स्कॅन, बायोप्सी, जनुकीय चाचणी यांचा खर्च खिशातूनच होतो. बिहार, झारखंड वा आसामातून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत आलेल्या कुटुंबांची निम्मी पुंजी निदान होण्यापूर्वीच संपलेली असते, ती यामुळेच.

उपाय त्यामुळे नव्या मोहिमेत शोधण्यापेक्षा चालू असलेल्या मोहिमेत शोधावा. पहिली सुधारणा नोंदीची. क्षयाची चाचणी नकारार्थी आली, पण लक्षणे कायम आहेत किंवा क्ष-किरणात दोष आहे, अशा प्रत्येक व्यक्तीची वेगळी नोंद व्हावी आणि ठरावीक मुदतीत तिची पुन्हा तपासणी करणे बंधनकारक असावे. ‘निक्षय’ ही क्षयरुग्णांची संगणकीय नोंदप्रणाली देशभर चालू आहे; तिला हा एक रकाना जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दुसरी सुधारणा मुदतीची. जंतू न सापडता क्षयाचे उपचार सुरू केलेल्या चाळिशीपुढील रुग्णाचे दोन महिन्यांनी वजन, लक्षणे व क्ष-किरण चित्र तपासावे. सुधारणा नसेल तर औषधे पुढे चालू ठेवण्यापूर्वी सीटी स्कॅन व्हावा. थुंकीतून रक्त पडत असेल, गळ्यात गाठ असेल किंवा बोटांची टोके फुगली असतील, तर दोन महिने थांबण्याचेही कारण नाही.

तिसरी सुधारणा साधनांची. मोफत निदान सेवेच्या राष्ट्रीय उपक्रमाखाली २०१५ पासून जिल्हा रुग्णालयांत सीटी स्कॅनची सोय करण्यात येत आहे, परंतु स्कॅननंतरची बायोप्सी आणि तिचा अहवाल देणारा विकृतिशास्त्रज्ञ जिल्ह्यात असतोच असे नाही. २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडशी आज तीनशेहून अधिक संस्था जोडलेल्या आहेत. जिल्ह्यातून नमुना पाठवायचा आणि माणसाला त्याच्या गावी राहू द्यायचे, अशी व्यवस्था या जाळ्यातून उभी राहू शकते. क्षयाच्या थुंकीचे नमुने आपण वर्षानुवर्षे असेच पाठवत आलो आहोत. चौथी सुधारणा नोंदणीची. क्षयरोगाची नोंद करणे २०१२ पासून देशभर बंधनकारक आहे, कर्करोगाची नाही. काही राज्यांनी ती सक्तीची केली आहे आणि संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२२ मध्ये तशीच शिफारस देशासाठी केली. लोकसंख्याधारित नोंदण्या देशाच्या मर्यादित भागाचीच माहिती देत असल्याने, किती रुग्ण क्षयाच्या दारातून कर्करोगाच्या दारात आले आणि त्यात किती महिने गेले, हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

क्षयरोग कार्यक्रमावर आधीच पुरेसा भार आहे, त्यात दुसऱ्या आजाराची भर नको, हा आक्षेप अधिकाऱ्यांकडून येईल आणि तो गैर नाही. पण येथे नवे रुग्ण शोधायचे नसून हाती आलेले रुग्ण सोडायचे नाहीत, एवढेच अपेक्षित आहे. त्यात क्षयरोग कार्यक्रमाचाही स्वार्थ आहे. ज्यांना क्षय नाही अशांना सहा महिने क्षयाची औषधे देण्यात औषधे वाया जातात, यकृताला इजा होते आणि उपचार निष्फळ ठरल्याचा ठपका कार्यक्रमावरच येतो. आणखी एक बाब आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणे असलेल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी कोणताही उपचार शोधला नव्हता, असे आढळले. खोकला म्हणजे हवापालट, धूळ किंवा वय, ही समजूत किती खोल आहे ते यातून दिसते. एवढ्या अडथळ्यांतून जो माणूस अखेर केंद्रापर्यंत येतो, त्याला अर्ध्या उत्तरावर परत पाठवणे म्हणजे तो पुन्हा येण्याची शक्यता स्वतःच्या हाताने कमी करणे होय.

तोवर नागरिकांच्या हाती एक साधा नियम आहे. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. निकाल नकारार्थी आला आणि तरीही खोकला, धाप, छातीतले दुखणे किंवा वजनातील घट कायम असेल, तर तीन-चार आठवड्यांत पुन्हा जावे आणि ‘क्षय नाही, मग काय आहे?’ असे स्पष्ट शब्दांत विचारावे. जुने क्ष-किरण चित्र जपून ठेवावे. नव्या चित्राशी त्याची तुलना ही डॉक्टरला मिळणारी सर्वात स्वस्त आणि मोलाची माहिती असते. कधीच विडी-सिगारेट ओढली नाही, हे सांगावे, पण त्यावर निर्धास्त राहू नये. हाच प्रश्न ज्या दिवशी रुग्णाऐवजी आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतील रकाना विचारू लागेल, त्या दिवसापासून शंभर दिवसांच्या मोहिमांचे फलित केवळ क्षयरुग्णांच्या संख्येत मोजावे लागणार नाही.